सळई ठेवावी कोठे व ती धरावी कोणी?

चेन्नई शहराच्या उत्तर भागात, समुद्रापासून फार तर अर्ध्या किलोमीटरवर, एका गल्लीच्या रस्त्याचे काँक्रीट चालू असता मी काही वेळ तेथे उभा राहिलो होतो. गल्ली सुमारे चार मीटर रुंद. एका कडेला पावसाच्या पाण्याचे नवे गटार बांधून तयार होते व त्यावर टाकावयाच्या झाकणांच्या लाद्या शेजारीच साच्यांत घातल्या जात होत्या. रस्त्याच्या जागी खडीचा थर दाबून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरला होता, आणि त्या कागदावर आठ मिलिमीटर जाडीच्या सळयांची, वीस सेंटिमीटर अंतराने बांधलेली जाळी आडवी पडलेली होती. जाळीखाली येथे तेथे खडीचे तुकडे सरकवलेले दिसत. घमेली घेतलेल्या स्त्रिया जाळीवरूनच चालत येत, काँक्रीट ओतत व त्याच वाटेने परत जात. एक मनुष्य हातात आकडा घेऊन अधूनमधून जाळी वर ओढी. आकडा सुटला की जाळी पुन्हा दिसेनाशी होई.

मेस्त्रींना मी विचारले, "जाळी आता नेमकी कोठे आहे?" (तमिळमधील 'मेस्त्री' व आपला 'मिस्त्री' हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे वंशज होत.) त्यांनी उत्तर दिले, "मधोमध, सार." त्यांची अनुमती घेऊन आम्ही थापीने ओल्या काँक्रीटमध्ये तीन ठिकाणी उकरून पाहिले. एके ठिकाणी सळई थेट प्लॅस्टिकच्या कागदावर होती, दुसऱ्या ठिकाणी तळापासून तीन सेंटिमीटरांवर, आणि तिसऱ्या ठिकाणी खरोखरच मधोमध होती. मेस्त्री ओशाळले नाहीत, व त्यांनी ओशाळावे असे मलाही वाटले नाही. ते एवढेच म्हणाले, "ठोकळ्यांचे पैसे कोण देणार, सार?"

प्रस्तुत पुस्तिकेचा विषय हा प्रश्न होय. काँक्रीटच्या रस्त्यात पोलाद किती घालावे यावर विपुल लेखन झाले आहे. ते पोलाद काँक्रीट ओतण्याच्या अर्ध्या तासात आपल्या जागी कोण धरून ठेवणार, यावर मात्र बोलणे क्वचितच होते. माझे मत असे की, ज्या कामात सळयांना आधार देण्याची व्यवस्था नाही, मोजमाप नाही व तपासणी नाही, त्या कामात सळया न घालणेच अधिक शहाणपणाचे आहे. हे मत प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल; म्हणून त्याची कारणे सविस्तर मांडतो.

आरंभ इतिहासापासून करणे सोयीचे आहे. जोसेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळीबुवांनी १८६७ साली सिमेंटच्या कुंड्यांत लोखंडी जाळी घालण्याचे एकस्व घेतले. त्यांच्या दृष्टीने लोखंडाचे काम कुंडीला आकार देण्याचे होते, म्हणून जाळी भिंतीच्या जाडीच्या मध्यावर असे. पुढे १८८६ साली बर्लिनचे अभियंते मथियास क्योनेन यांनी गणिताने दाखविले की, वाकणाऱ्या लादीत एक बाजू दाबली जाते व दुसरी ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. यास्तव लोखंडाची जागा ताणल्या जाणाऱ्या बाजूस असली पाहिजे. सळई किती, या प्रश्नाइतकाच सळई कोठे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे तेव्हाच निश्चित झाले.

घराच्या छतात ही ताणली जाणारी बाजू बहुतांशी खालची असते, कारण छत भिंतींच्या मध्ये खाली लवते. बाहेर काढलेल्या सज्जात ती वरची असते. सज्जाची वरची सळई कामगारांच्या पायाखाली दबून खाली गेली तर काय होते, हे साध्या हिशेबाने कळेल. १५ सेंटिमीटर जाडीच्या सज्जात सळई तळापासून साडेबारा सेंटिमीटरांवर हवी होती व ती साडेआठ सेंटिमीटरांवर आली, तर पोलाद तितकेच असूनही सज्जाची वाकण्यास विरोध करण्याची शक्ती जवळजवळ एकतृतीयांशाने कमी होते. नकाशा बरोबर, पोलादाचे वजन बरोबर, सिमेंटही बरोबर. चुकले ते केवळ चार सेंटिमीटर.

आता रस्त्याकडे येऊ. रस्त्याची लादी जमिनीवर निजलेली असते; ती भिंतीवरून भिंतीवर झेप घेत नाही. चाकांच्या भाराने तीत जे वाकणे उत्पन्न होते ते काँक्रीटच्या स्वतःच्या ताकदीवर व लादीच्या जाडीवर सोपविलेले असते. मग जाळी कशासाठी? लादी सुकताना आक्रसते, रात्री थंड होताना आखडते, आणि खालची जमीन तिला धरून ठेवू पाहते. या ओढाताणीत लादी मध्ये तडकते. जाळीचे काम तडा थांबविण्याचे नाही. तडा पडल्यावर त्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून ठेवण्याचे आहे, जेणेकरून खडीचे दाणे एकमेकांत गुंतलेले राहतील व पाणी आत शिरणार नाही.

हे बळ केवढे असते ते पाहा. दहा मीटर लांब व १५ सेंटिमीटर जाड लादी घ्या. मध्यापासून टोकापर्यंतच्या पाच मीटरांचे, एक मीटर रुंदीच्या पट्ट्यातील वजन १.८ टन भरते. खडबडीत पायावर घर्षणाचा गुणांक १.५ धरण्याची प्रथा आहे. खाली प्लॅस्टिकचा कागद असल्यास तो कमी होतो. १.५ धरला तरी मध्यावर येणारा ताण २.७ टन होतो. आठ मिलिमीटरच्या पाच सळयांचा छेद अडीच चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १,०८० किलोग्रॅमचा ताण पडतो. आजचे साधे बांधकामाचे पोलाद याच्या चौपटीहून अधिक सोसते. सारांश, त्या गल्लीतील पोलाद परिमाणाने पुरेसे होते. ते गैरलागू झाले ते जागेमुळे.

कारण आक्रसण्याचा तडा बहुधा वरून सुरू होतो. वरचा पृष्ठभाग उन्हावाऱ्याने आधी सुकतो, तळ ओला राहतो. तड्याचे तोंड वर उघडते व खाली निमुळते होत जाते. सळई तळाशी असेल तर ती निमुळत्या टोकाला धरून बसते व रुंद तोंड मोकळेच राहते. म्हणून रस्त्याच्या लादीतील जाळी वरच्या भागात, पृष्ठभागापासून सुमारे पाच ते सहा सेंटिमीटर खाली असावी लागते. चेन्नईत मे महिन्यात तमिळ लोक ज्याला कत्तरी ऊन म्हणतात ते पडते तेव्हा, व दुपारी समुद्रावरून वारा सुटतो तेव्हा, ओल्या काँक्रीटचा वरचा थर किती लवकर पांढरा पडतो हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे वेगळे प्रमाण नको.

येथे त्या गल्लीतील एक मौज सांगितली पाहिजे. शेजारच्या गटाराच्या झाकणाची लादी दोन भिंतींवर टेकणारी असल्यामुळे तिची सळई खाली हवी. रस्त्याच्या लादीची सळई वर हवी. दोन्ही कामे एकाच दिवशी, एकाच टोळीकडून, हातभर अंतरावर चालली होती, आणि सळया बांधणाऱ्याच्या हाताला आयुष्यभर घराच्या छतांची सवय होती. सळई खालीच असते, खाली थोडी मोकळी जागा सोडली की झाले, ही त्याची शिकवण. ती छतापुरती खरी आहे. ती रस्त्यावर का लागू पडत नाही हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. नकाशावर जाळीची रेघ वर काढलेली होती; परंतु नकाशा कार्यालयात होता.

दुसरे कारण गंजाचे. चांगल्या काँक्रीटचे अंतरंग तीव्र क्षारधर्मी असते. त्याचा पीएच अंक साडेबाराच्या आसपास असतो, आणि अशा परिसरात पोलादावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा तयार होतो. हवेतील कर्बवायू हळूहळू आत शिरून ही क्षारता घटवितो, अथवा मिठातील क्लोराइड पापुद्र्याला भोके पाडते. मग गंज चढतो, मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो व आतून रेटा देऊन काँक्रीटचे पोपडे पाडतो. रत्नागिरी, मालवण वा मुंबईच्या किनाऱ्यावरील जुन्या इमारतींच्या छतांतून डोकावणाऱ्या तांबूस सळया वाचकांनी पाहिल्याच असतील. गोव्यात मांडवी नदीवरील पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तो त्यातील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्यामुळे. त्या वेळी त्याचे वय जेमतेम सोळा वर्षांचे होते. पुलाची रचना व रस्त्याची लादी यांत अंतर मोठे आहे, आणि दोघांची तुलना मी करू इच्छित नाही. परंतु समुद्राची हवा दोघांनाही सारखीच लागते.

ही शत्रुद्रव्ये आत शिरण्याचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यांची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे चार सेंटिमीटर आवरण भेदण्यास जर चाळीस वर्षे लागत असतील, तर दोन सेंटिमीटर भेदण्यास वीस लागत नाहीत, दहाच लागतात. आणि एक सेंटिमीटर असेल तर अडीच. आवरण निम्मे झाले की आयुष्य चतुर्थांश होते. ज्या ठोकळ्याची किंमत कोणी देत नाही, तो ठोकळा हे आवरण राखतो. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत परिस्थिती जसजशी कठोर होत जाते तसतसे सळईवरील आवरण वाढत जाते: सौम्य परिस्थितीत २० मिलिमीटर, कठोर परिस्थितीत ४५, अतिकठोर परिस्थितीत ५०. चेन्नईच्या किनारपट्टीवर सौम्य परिस्थिती शोधून सापडावयाची नाही.

याच मानकातील आणखी एक आकडा माझ्या युक्तिवादास आधार देतो. काँक्रीट कालविण्याच्या पाण्यात क्लोराइड किती चालेल? काँक्रीटमध्ये पोलाद नसेल तर लिटरमागे २,००० मिलिग्रॅमपर्यंत. पोलाद असेल तर ५०० मिलिग्रॅम. म्हणजे सळई आत घातली की पाण्याची अट चौपट कडक होते. शहराच्या उत्तरेस मिंजूरच्या बाजूला भूजलात समुद्राचे पाणी शिरल्याची गोष्ट जुनी व सर्वविदित आहे. अशा प्रदेशात सळई ही निरुपद्रवी भर नसते. ती आत आली की पाणी, आवरण, घनता या सर्वांविषयीची जबाबदारी वाढते. आणि ती कागदावर लोळत राहिली तर लाभ काहीच न देता ही सर्व जबाबदारी तेवढी मागे ठेवून जाते.

पोलादाच्या संरक्षणावर तमिळनाडूत मोठे काम झाले आहे. कारैकुडी येथे १९५३ साली उद्घाटन झालेल्या केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेने सळयांवर चढवावयाचे लेप सिद्ध केले. तिचेच मंडपम येथील केंद्र समुद्रकिनाऱ्यावर धातू उघडे ठेवून त्यांच्या गंजण्याचा अभ्यास करते. चेन्नईतच तरमणी येथे संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्र आहे. या संस्थांविषयी मला आदर आहे. परंतु लेप दिलेली सळईदेखील तळाशी पडली तर तड्याचे तोंड धरू शकत नाही. प्रयोगशाळेत उत्तर नाही असा हा प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर ठाऊक असूनही ते गल्लीपर्यंत पोहोचत नाही.

ते का पोहोचत नाही? याचे उत्तर मजुरीच्या हिशेबात आहे. सळया कापणारा, वाकविणारा व बांधणारा कारागीर टनाच्या दराने पैसे घेतो. काँक्रीट टाकणारी टोळी घनमीटराच्या दराने. जाळी बांधून झाली की पहिला निघून जातो. दुसरी टोळी येते तेव्हा जाळी तिच्या दृष्टीने पायात येणारा अडथळा असते. जाळी ज्या अर्ध्या तासात आपली जागा सोडते त्या अर्ध्या तासाचा धनी कोणीच नसतो. करारांत बांधणीची तार व ठोकळे यांचे मोजमाप सहसा वेगळे होत नाही. ते सळयांच्या दरातच समाविष्ट मानतात. जी वस्तू दिली काय अन् न दिली काय बिल तेवढेच राहते, ती वस्तू प्रथम लहान होते, मग विरळ होते आणि शेवटी तिच्या जागी खडीचा तुकडा येतो. मेस्त्रींचा प्रश्न म्हणूनच मला उद्धट वाटला नाही. संपूर्ण व्यवस्थेचे इतके अचूक निदान मी कोणत्या अहवालात वाचलेले नाही.

कोणी म्हणेल, नियम तर आहेतच. आहेत. उपर्युक्त मानकात स्पष्ट म्हटले आहे की, सळया नकाशात दाखविलेल्या जागी ठेवाव्या व ठोकळे, अंतरक, आधाराच्या सळया इत्यादींच्या साहाय्याने तेथेच टिकवाव्या. लादीची परिणामकारक खोली २०० मिलिमीटर वा त्याहून कमी असेल तर चुकीस दहा मिलिमीटरांचीच सूट आहे. दहा मिलिमीटर! त्या गल्लीतील आकड्याने ओढलेली जाळी दहा मिलिमीटरांत राहावी अशी अपेक्षा करणे म्हणजे होडीत बसून सरळ रेघ ओढण्याची अपेक्षा करण्यासारखे आहे. वर ओढलेली सळई ओल्या काँक्रीटमध्ये कोठे स्थिरावली हे ओढणाऱ्यालाही कळत नाही, आणि कंपक फिरला की ती पुन्हा हलते. मला ही पद्धत पूर्णपणे त्याज्य वाटते. तिला पद्धत म्हणणेदेखील सौजन्य होय.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. गल्लीतून दुचाक्या, रिक्षा व क्वचित पाण्याचा टँकर जातो. रस्त्याची लादी कोसळून कोणी मरत नाही. मग एवढा खटाटोप कशास? हे खरे आहे, आणि नेमके याच कारणाने ही चूक टिकून राहते. सज्जा पडला तर चौकशी होते. रस्त्याला तडा गेला तर त्यावर डांबर चोपडले जाते. ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, या गल्ल्यांत पाणी साचते. डिसेंबर २०१५ च्या पुराने शहराची जी दशा केली ती सर्वांस स्मरते. साचलेल्या पाण्यात डांबरी रस्ता टिकत नाही, म्हणून तर काँक्रीटची निवड होते. ज्या पैशात रहिवाशांना एका पिढीचा रस्ता मिळावयाचा, त्याच पैशात त्यांना काही वर्षांचा रस्ता मिळाला तर फसवणूक मोठीच झाली. फक्त ती हळू झाली.

मग करावे काय? माझ्या मते पहिला विचार जाळी वगळण्याचा व्हावा. अमेरिकेत ओहायोतील बेलफौंटन गावी १८९१ साली झालेला जुना काँक्रीटचा रस्ता सळयांवाचूनच होता. आपल्याकडे २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही साध्या काँक्रीटच्या, सांधे पाडलेल्या लाद्या आहेत. सांधे साडेचार मीटरांच्या आसपास घेतले की लादीची आखडण्याची धडपड सांध्यातच विरते व मध्ये तडा पडण्याचे कारण उरत नाही. गल्लीत याचा आणखी एक लाभ आहे. चेन्नईची गल्ली एकदा काँक्रीट झाली म्हणून खोदावयाची थांबत नाही. पाण्याची नळी, मलवाहिनी, विजेची तार, कोणी ना कोणी ती कापतोच. साधी लादी सांध्यापासून सांध्यापर्यंत स्वच्छ कापून पुन्हा घालता येते. जाळीची लादी कापली की तुटलेल्या सळयांची टोके मातीत उघडी पडतात व गंजाला प्रवेशद्वार मिळते. जाळीऐवजी वाचलेला पैसा लादीची जाडी दोन-तीन सेंटिमीटर वाढविण्यास व सांधे नीट भरण्यास वापरला तर तो सत्कारणी लागेल.

मात्र साध्या लादीतही एका पोलादाला सुटका नाही, ते म्हणजे मोठ्या रस्त्यांच्या सांध्यांतील डॉवेलच्या सळया. हे गुळगुळीत गोल दंड सांध्याच्या दोन्ही बाजूंस अर्धे-अर्धे असतात. एक बाजू काँक्रीटला पकडते, दुसरीवर लेप वा टोपण असते, जेणेकरून लादी सरकेल पण चाकाचा भार पलीकडच्या लादीस मिळेल. साडेचार मीटरच्या लादीत वीस अंशांच्या तापमानबदलाने जी हालचाल होते ती एक मिलिमीटरहूनही कमी असते. पण ती होऊ दिलीच पाहिजे. अर्धा मीटर लांबीचा एखादा दंड एका टोकाला एक सेंटिमीटर झुकला आणि शेजारचा उलट दिशेने झुकला, तर सांधा कुलूप घातल्यासारखा अडकतो, व लादी मग सांध्याऐवजी आपल्याला हव्या त्या जागी तडकते. हे दंड तारेच्या घट्ट पिंजऱ्यावर, लादीच्या मध्यखोलीवर, जमिनीला खिळवूनच धरले पाहिजेत. अथवा सरकत्या फरसयंत्राने ते बसविले पाहिजेत. गल्लीच्या कामात असे यंत्र शिरत नाही, म्हणून तेथे पिंजऱ्याला पर्याय नाही. येथे आकडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा काडीमात्र उपयोग नाही.

जेथे जाळी खरोखरच हवी, उदाहरणार्थ लांब वा वेड्यावाकड्या आकाराच्या लादीत, किंवा खाली नुकतेच भरलेले खंदक असतील तेथे, तिची रचनाच पायाचा विचार करून व्हावी. आठ मिलिमीटरची सळई पाऊण मीटर अंतरावरील दोन आधारांवर ठेवून मध्ये तीस किलोग्रॅम भार दिला, तर ती सहा सेंटिमीटरांहून अधिक लवू पाहते. इतकेच नव्हे तर पोलादाची मर्यादा ओलांडून कायमची वाकते. प्रत्यक्ष जाळीत शेजारच्या सळया भार वाटून घेतात, म्हणून आकडा कमी भरतो. तरी डोक्यावर घमेले घेतलेली स्त्री तीस किलोग्रॅमहून पुष्कळच अधिक भार टाकते. आता आठ मिलिमीटरच्या वीस सेंटिमीटरांवरील सळयांऐवजी दहा मिलिमीटरच्या तीस सेंटिमीटरांवर ठेवा. पोलाद जवळजवळ तेवढेच. परंतु दहाची सळई आठच्या जवळजवळ अडीचपट ताठ असते, कारण ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. आणि तीस सेंटिमीटरांच्या चौकटीत माणसाचे पाऊल मावते. सळईवर पाय देण्याची गरजच कमी होते. बारीक सळया दाट ठेवल्याने तडे अधिक सूक्ष्म राहतात हे मला मान्य आहे. परंतु वर राहिलेली थोडी विरळ जाळी खाली पडलेल्या दाट जाळीहून केव्हाही श्रेयस्कर.

या जाळीला साठ बाय नव्वद सेंटिमीटरांवर एक खुर्ची, कामावरच्या भाषेत चेअर, द्यावयाची झाली, तर शंभर मीटर लांब व चार मीटर रुंद गल्लीस सुमारे साडेसातशे खुर्च्या लागतील. आठ मिलिमीटरच्या सळईचा साठ सेंटिमीटर तुकडा वाकवून एक खुर्ची होते. वजन पाव किलोग्रॅमहून किंचित कमी. सर्व मिळून पावणेदोनशे किलोग्रॅम. तिकडे जाळीचे वजन सुमारे १,६५० किलोग्रॅम व काँक्रीटचे १४४ टन. या पावणेदोनशे किलोग्रॅमच्या बचतीवर उरलेले सारे पणाला लावले जाते.

खुर्चीच्या पायांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. उघडा पोलादी पाय जमिनीवर टेकला तर तो प्लॅस्टिकचा कागद फाडतो, खडीत रुततो व जमिनीतील ओल शोषून गंज वर चढवितो. म्हणून त्याच्याखाली सिमेंट-वाळूचा रुंद तळाचा ठोकळा असावा; तळ हाताच्या पंज्याएवढा असला की तो रुतत नाही. विटेचा तुकडा कदापि नको, कारण तो पाणी पितो व काँक्रीटमध्ये ओलीची वाट कायमची उघडी ठेवतो. लाकडाचे तर नावच घेऊ नये. ठोकळ्याचा माल रस्त्याच्या काँक्रीटइतकाच मजबूत हवा. कच्चा ठोकळा पायाखाली फुटतो, आणि फुटलेला ठोकळा नसल्यासारखाच. पोलादी वा प्लॅस्टिकचे तंतू काँक्रीटमध्ये मिसळून आधाराचा प्रश्नच टाळण्याचा मार्गही आहे. तंतू महाग पडतात व ते नीट मिसळण्यास काळजी लागते, तरी अरुंद गल्ल्यांसाठी तो मार्ग अधिक वापरून पाहावा असे मला वाटते.

तपासणीसाठी मोठ्या उपकरणाची आवश्यकता नाही. सळईचे स्थान विद्युतचुंबकाने शोधणारी यंत्रे आहेत. पण ती काँक्रीट घट्ट झाल्यावर चूक सांगतात, जेव्हा ती सुधारता येत नाही. त्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या साच्यांवरून आडवी दोरी ताणावी व दोरीपासून सळईपर्यंत टेपने मोजावे. पाच-सहा सेंटिमीटर भरले तर ठीक; नसेल तर काँक्रीटची गाडी थांबवावी. दर पाच मीटरांवर असे एक मोजमाप, व ते वहीत लिहून खाली सही. काँक्रीट चालू असताना सळया बांधणाऱ्यांपैकी एक जण शेवटपर्यंत हजर असावा, आणि त्याची त्या दिवसाची मजुरी स्वतंत्र असावी. घमेल्यांच्या येण्याजाण्यासाठी खुर्च्यांवर टेकणाऱ्या फळ्या टाकाव्यात, म्हणजे जाळी तुडविली जाणार नाही.

आणि खुर्च्या व ठोकळे यांचे मोजमाप नगावर व्हावे. अंदाजपत्रकात त्यांची स्वतंत्र ओळ असावी. हा माझा मुख्य आग्रह आहे. जी वस्तू मोजली जाते ती कामावर येते. ती मोजण्यासाठी कोणाला तरी वाकावे लागते. आणि वाकलेल्या माणसाला जाळी कोठे आहे हे आपोआप दिसते. या ओळीमुळे कामाचा खर्च वाढेल अशी तक्रार होईल. साडेसातशे खुर्च्यांचा खर्च शंभर मीटर काँक्रीटच्या खर्चाशी ताडून पाहावा व मग तक्रार करावी.

त्या दिवशी मेस्त्रींनी उरलेल्या तीस मीटरांसाठी गटाराच्या कामावरचे ठोकळे आणविले. ते उंचीला फक्त चार सेंटिमीटर होते, गटाराच्या झाकणासाठी केलेले. दोन-दोन एकावर एक रचले, ते घसरले. मग तारेने बांधले. जाळी आठ सेंटिमीटरांवर आली. दुपारचे जेवण तासभर लांबले, आणि बायकांनी मला जे ऐकविले ते तमिळ थोडेसेच समजत असल्याने मला निम्मेच कळले. जाताना मेस्त्रींनी विचारले की, योग्य उंचीचे ठोकळे करावयाचे तर किती दिवस आधी? मी सांगितले, साच्यातून काढल्यावर सात दिवस पाण्यात. त्यांनी बोटांवर मोजले, पुढची गल्ली सोमवारी आहे हे ध्यानात आले, आणि ते हसले.